व्हिडिओ लावा, पण आधी आवाज बंद करा



गेल्या काही वर्षांत आपल्या सीमाभागातल्या बऱ्याच मराठी शाळांत प्रोजेक्टर नाहीतर मोठा टीव्ही आलाय. कुठं माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, कुठं गावच्या मंडळानं पैसे दिले, कुठं पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांनी एका फटक्यात रक्कम पाठवली. बसवला त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले, ग्रुपवर फिरले. ह्यात वाईट काहीच नाही. मी स्वतः खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो आणि आमच्याकडं प्रोजेक्टर आला तेव्हा फोटोत मीही पुढच्या ओळीत उभा होतो.

आज लिहायचंय ते त्या फोटोनंतरच्या गोष्टीबद्दल. प्रोजेक्टर आला, आता विज्ञानाच्या तासाला व्हिडिओ लावायचा म्हणजे नेमकं करायचं काय? ह्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की नव्हतं.

दहावीचा वर्ग, विषय प्रकाशसंश्लेषण. मी शोधून शोधून एक झकास इंग्रजी व्हिडिओ काढला. चौदा मिनिटांचा. पानाच्या आत शिरणारा कॅमेरा, हिरवीगार हरितलवकं, इकडून तिकडं पळणारे रेणू, मागं संगीत. बाहेर जुलैचा पाऊस धो धो पडत होता, खिडक्या बंद, वर्गात अंधार. चाळीस मुलं चिडीचूप. एरवी शेवटच्या बाकावर सतत काहीतरी चाललेलं असतं, त्या दिवशी तिथंही शांतता. तास संपल्यावर मुलं म्हणाली, "सर, लई भारी होतं. उद्या पण लावा की ओ." मी खूश. वाटलं, इतकी वर्षं उगाच फळ्यावर पान काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, "आपल्या शाळेमागचा फणस बघा. एवढा मोठा बुंधा, एवढं वजन. हे लाकूड आलं कुठून?"

"मातीतनं की ओ सर."

"शेणखताचं होतंय, सर."

"पाण्याचं."

चाळीसातल्या एकानंही हवेचं नाव घेतलं नाही. चौदा मिनिटं जो व्हिडिओ हेच सांगत होता की झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातून आपलं अन्न, आपलं शरीर बनवतं, तो व्हिडिओ डोळ्यांसमोरून गेला आणि डोक्यातली माती होती तिथंच राहिली. सूत्र मात्र दहाएक जणांनी बिनचूक लिहून दाखवलं. ते आधीपासून पाठच होतं.

तेव्हा मी स्वतःला सोडून सगळ्यांना दोष दिला. मुलांना इंग्रजी येत नाही. वाचन नाही. लक्ष नाही. पण मग लक्षात आलं की मी शिकवलंच नव्हतं. मी सिनेमा लावला होता.

ह्या गोष्टीवर आधी कुणी विचार केलाय का म्हणून शोधलं, तर डेरेक मुलर नावाच्या माणसाचं काम सापडलं. यूट्यूबवर 'व्हेरिटेशियम' हे चॅनेल तुमच्यापैकी अनेकजण बघत असाल, ते चालवणारा हाच. चॅनेल काढण्याआधी त्यानं सिडनी विद्यापीठात ह्याच प्रश्नावर पीएच.डी. केली, २००८ साली. त्यानं भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन तऱ्हेचे व्हिडिओ दाखवले. एका तऱ्हेत विषय अगदी स्वच्छ, सरळ, नेटका सांगितलेला. दुसऱ्यात विद्यार्थ्यांच्या मनातला चुकीचा समज आधी कुणीतरी बोलून दाखवतं, मग त्यावर वाद होतो आणि शेवटी बरोबर गोष्ट बाहेर येते. पहिला व्हिडिओ बघणाऱ्यांनी सांगितलं, छान होता, सोपा होता, समजला. पण परीक्षेत त्यांचे गुण जवळजवळ होते तेवढेच राहिले. दुसरा व्हिडिओ बघणारे म्हणाले, गोंधळ उडाला, डोकं चालवावं लागलं. त्यांचे गुण मात्र चांगले वाढले.

कारण सरळ आहे. मूल वर्गात रिकामं डोकं घेऊन येत नाही. झाड मातीतून वाढतं हे त्यानं शेतात स्वतः बघितलेलं असतं, बापाला खत टाकताना बघितलेलं असतं. आपण स्वच्छ व्हिडिओ लावला की ते त्यात आपल्याला माहीत असलेलंच ऐकतं, 'हां, बरोबर' म्हणतं आणि पुढं जातं. जे समजलंय असं वाटतं ते परत नीट बघायची गरज कुणालाच वाटत नाही. म्हणून छान व्हिडिओ कधीकधी साध्या फळ्यापेक्षा जास्त फसवतो. फळ्यावर समजलं नाही तर निदान समजलं नाही हे तरी कळतं.

दुसऱ्या वर्षी त्याच धड्याला मी उलट सुरुवात केली. प्रोजेक्टर बंद. आधी प्रश्न: लाकूड येतं कुठून? प्रत्येकानं वहीत लिहायचं, मग हात वर करायचे. फळ्यावर आकडे लिहिले. माती इतके, खत इतके, पाणी इतके, हवा शून्य. मग त्यांना व्हॅन हेलमाँटची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला हा बेल्जियमच्या भागातला माणूस. त्यानं एका मोठ्या कुंडीत माती वाळवून, तोलून भरली, आपल्या मापात नव्वद किलोच्या आसपास. त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं जवळजवळ सत्त्याहत्तर किलो. माती परत वाळवून तोलली, तर कमी झाली होती फक्त साठ ग्रॅमच्या आत-बाहेर.

वर्गात गलका झाला. "असं कसं ओ सर? मग माती कुठं गेली नाही म्हणजे?" एकजण म्हणाला, "आमच्या घरची तुळस पण तसंच की. कुंडीतली माती तेवढीच हाय." दुसरा म्हणाला, "मग पाण्याचं झालं असणार." मी सांगितलं, हेलमाँटलाही तसंच वाटलं होतं, सगळं पाण्याचं झालं. तोही अर्धवटच होता. मग उरलं काय? कोपऱ्यातून एक आवाज आला, दबकत: "हवा?" आणि सगळा वर्ग हसला. झाड हवा खाऊन लाकूड करतंय म्हणे!

आता व्हिडिओची वेळ झाली होती. त्याच इंग्रजी व्हिडिओतली फक्त दोन मिनिटं लावली, आवाज पूर्ण बंद करून. पानाखालची पर्णरंध्रं उघडतात तिथं थांबवला. "हा बाण कुठं चाललाय?" आत. "आत काय जातंय?" पुढं सरकवला, थांबवला. "बाहेर काय येतंय?" परत मागं नेला. मग एका मुलीला पुढं बोलावलं आणि म्हटलं, आता तू सांग, मी व्हिडिओ चालवतो. ती सुरू झाली: "ही पानाची भोकं हाईत, उघडूलालीत. ह्यातनं हवा आत जाऊलाली. खालनं मुळातनं पाणी वर येऊलालंय. वरनं ऊन पडूलालंय..." आणि मग थांबली. स्क्रीनकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सर, फणसाचं लाकूड म्हणजे हवा आणि पाणीच की!"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. मातीतून झाड थोडे क्षार घेतं, तेही गरजेचे असतात, पण वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून येतो, हे मग मी सांगितलं. तेवढंच माझं व्याख्यान. व्हिडिओ दोन मिनिटं, बोलणं अर्धा तास. त्या मुलांना आजही विचारलं तर लाकूड कुठून येतं ते सांगतील.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही गावातल्या शिक्षकाची असू शकते. आता खास आपल्या भागाचं बोलू.

आपल्या मुलांची गंमत अशी की त्यांचं पुस्तक मराठी, खरं अभ्यासक्रम कर्नाटकाचा. यूट्यूबवर चांगले मराठी व्हिडिओ शोधले तर ते महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकाबरहुकूम केलेले. धड्याचा क्रम वेगळा, कधी शब्द वेगळे, कधी तो भाग आपल्याला त्या वर्षी नसतोच. कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाला धरून केलेले बहुतेक व्हिडिओ कन्नड नाहीतर इंग्रजी. आणि दहावी झाली की पीयूसीला विज्ञान घेणाऱ्याला इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे मराठी माध्यमातला आपला मुलगा किंवा मुलगी एकाच गोष्टीला तीन नावांनी भेटते. पुस्तकात प्रकाशसंश्लेषण. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मित्राच्या वहीत द्युतिसंश्लेषणे. पीयूसीच्या पहिल्या दिवशी फोटोसिंथेसिस.

दरवर्षी मी हे बघतो. दहावीला विज्ञानात ऐंशीच्या वर गुण घेतलेली मुलगी आर्ट्सला जाते. का गं, विचारलं तर म्हणते, "सायन्स आवडतं सर, खरं तिथं सगळं इंग्लिशमधी असतंय." विज्ञान तिला येतं, पण शब्दांच्या भीतीनं ती माघार घेते. आणि हेच बघून गावातले पालक पहिलीपासूनच पोरांना इंग्रजी माध्यमात घालतात. मराठी शाळांचे वर्ग रिकामे का होतात, ह्याची अनेक कारणं आहेत. त्यातलं एक कारण विज्ञानाच्या तासात आहे, आणि ते दूर करणं निदान थोडंफार आपल्या हातात आहे.

काहीजण म्हणतात, मग आठवीपासूनच इंग्रजी व्हिडिओ लावत जा, सवय होईल. मी तेच केलं होतं, त्याचं फळ वर सांगितलं. चित्र नवीन, कल्पना नवीन आणि भाषाही नवीन, असं तिन्ही एकदम डोक्यावर टाकलं की मूल चित्र बघत बसतं आणि बाकीचं दोन्ही सोडून देतं. पण इंग्रजी टाळायचंच, असंही मी म्हणणार नाही. पीयूसीच्या दारात पोराला एकटं सोडून देणं हे भाषेवरचं प्रेम नव्हे.

मला जमलेला मार्ग असा. एकच छोटा तुकडा तीनदा दाखवायचा. पहिल्यांदा मुका. मुलांनी फक्त बघायचं आणि आपापल्या बोलीत सांगायचं काय चाललंय. इथं 'उघडूलालंय' चालतं, पुस्तकी मराठीचा आग्रह नको. दुसऱ्यांदा परत मुका, पण आता पुस्तकातले शब्द घालून बोलायचं: भोक म्हणजे पर्णरंध्र, हिरवा दाणा म्हणजे हरितलवक. तिसऱ्यांदा मूळ इंग्रजी आवाज चालू करून. आता मुलांना गोष्ट माहीत असते, त्यामुळं इंग्रजी शब्द कानावर आला की तो कुठं बसतो हे कळतं. 'स्टोमाटा' ऐकलं की पोरं ओरडतात, "पर्णरंध्र!" जणू ओळखीचा माणूस बाजारात भेटला.

आणि कन्नड शब्दही मी फळ्यावर लिहितो, देवनागरीत. द्युती म्हणजे प्रकाश हे सांगितलं की द्युतिसंश्लेषणे आणि प्रकाशसंश्लेषण ही सख्खी भावंडं निघतात. आम्लाला कन्नडमध्येही आम्लच. गुरुत्वाकर्षण तर जवळजवळ तेच. श्वसनाला मात्र उसिराट, तो वेगळा. त्यानं मराठीचं काही कमी होत नाही. उलट एकच गोष्ट तीन भाषांत सांगता येणारं पोर पुण्या-मुंबईत सहज सापडत नाही. सीमेवर राहण्याची किंमत आपण खूप मोजलीय. हा त्यातला फायदाही घेऊ की.

आता कुठला व्हिडिओ लावायचा आणि कुठला नाही, ह्याबद्दल.

माझा एक नियम झालाय. जे वर्गात हातानं करता येतं त्याचा व्हिडिओ लावायचा नाही. मेणबत्तीचा प्रयोग घ्या. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ह्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि त्यातल्या कितीतरींत सांगितलेलं असतं की जळताना ऑक्सिजन संपला, त्याची रिकामी जागा पाण्यानं घेतली, म्हणून पाणी हवेच्या एक पंचमांश इतकं चढलं. ऐकायला एकदम पटतं. आणि ते चूक आहे.

हाच व्हिडिओ आवाज बंद करून, थांबवत थांबवत बघा. ऑक्सिजन जळून जागा रिकामी होत असती तर मेणबत्ती जळत असताना पाणी हळूहळू चढायला हवं. पण पाणी भसकन चढतं ते ज्योत मंदावून विझल्यावर. कारण पेला ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, काही वेळा पेल्याच्या कडेनं बुडबुडे बाहेर जातानाही दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. शिवाय मेण जळताना ऑक्सिजन जातो तसा कार्बन डायऑक्साइड तयारही होतो, आणि सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते. खात्री करायची तर एका मेणबत्तीऐवजी तीन लावून तोच पेला ठेवा. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं, कारण हवा जास्त तापली होती.

आमच्या नववीनं हे स्वतः केलं. खर्च पंधरा-वीस रुपये. मग मी तो चुकीचा व्हिडिओ आवाजासकट लावला. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, हा बाबा खोटं सांगूलालाय!" इतक्या वर्षांत वर्गात ऐकलेलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य ते. जे पोर मोबाईलवर सांगितलेलं पारखून बघायला शिकलं, त्याला निवडणुकीच्या दिवसांत आलेला फॉरवर्डही पारखता येईल. आपल्या भागात ह्याची गरज किती आहे ते मी सांगायला नको.

मग व्हिडिओ कधी लावायचा? जे वर्गात आणताच येत नाही तेव्हा. बी रुजताना मूळ वळून खाली जातं, ह्याला काही दिवस लागतात, व्हिडिओत अर्धं मिनिट. पेशी दुभंगताना बघायला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, आमच्याकडं नाही. आणि चंद्र. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट ह्या अंतराळवीरानं चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हातोडा सव्वा किलोच्या वर, पीस तीस ग्रॅमच्या आसपास. हे चित्रण मिनिटभराचंही नाही, अंधुक आहे, मागं संगीत नाही. वर्गात ह्याच्याइतका चांगला व्हिडिओ मी दुसरा दाखवलेला नाही.

पण तोही नुसता लावून उपयोग नाही. स्कॉट हात पुढं करतो तिथं मी थांबवतो आणि मत घेतो. काहीजण म्हणतात हातोडा आधी पडेल. काहीजण म्हणतात दोन्ही एकदम. आणि प्रत्येक वर्षी आठ-दहा जण ठामपणे म्हणतात, "दोन्ही तरंगणार सर, चंद्रावर हवा नाही." हवा नाही म्हणजे ओढ नाही, हा समज मुलांच्या मनात किती घट्ट असतो हे थांबवल्याशिवाय मला कधी कळलंच नसतं. मग बटण दाबायचं. दोन्ही एकदम खाली. वर्गात जो आवाज होतो तो क्रिकेटच्या विकेटसारखा असतो. त्यानंतरच्या दहा मिनिटांत गुरुत्वाकर्षण, हवेचा रोध, चंद्रावरची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढी का, हे सगळं मुलं स्वतःहून विचारतात.

ही पद्धत माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोनं नासाच्या उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला होता. त्या प्रयोगाचं नाव 'साइट'. कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्याची जबाबदारी सांभाळणाऱ्यांत एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते. सकाळच्या वेळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत, त्यात विज्ञानाचे कार्यक्रम खास बनवलेले होते. आणि पन्नास वर्षांपूर्वी, जेव्हा टीव्ही हीच जादू होती, तेव्हाही त्या माणसांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. कार्यक्रम त्या त्या भागाच्या भाषेत, हिंदी, कन्नड, तेलुगू, उडिया. आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना त्याच सोयीतून प्रशिक्षण. आपण आज खिशात टीव्ही घेऊन फिरतो आणि ह्या दोन्ही गोष्टी विसरतो.

शिक्षक मित्र म्हणतात, "अरे, पोर्शन कधी संपवायचा? दोन मिनिटांच्या व्हिडिओला एक तास?" खरं आहे, सगळे धडे असे होत नाहीत. मी वर्षात दहा-बारा जागा निवडतो, जिथं मुलांचा समज हमखास चुकलेला असतो. बाकी पुस्तक नेहमीसारखं. दुसरं, प्रोजेक्टर नाही म्हणून अडू नका. करंट गेला की आम्ही चार मोबाईल घेतो, दहा-दहा मुलांचे चार गट. व्हिडिओ आदल्या रात्री उतरवून ठेवतो, कारण आमच्या गावात पावसाळ्यात रेंज कधी जाईल सांगता येत नाही, आणि ऐन रंगात आल्यावर मध्येच गुटख्याची नाहीतर रमीची जाहिरात नको. तिसरं, लांबी. घरी बसून शिकणाऱ्या मोठ्या माणसांचंही लक्ष साधारण सहा मिनिटांपुढं टिकत नाही, असं ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या लाखो नोंदी तपासून २०१४ मध्ये दिसून आलंय. पावसाळ्याच्या दुपारी, डबा खाल्ल्यावर, तेरा वर्षांच्या पोराचं काय?

आता हे वाचणाऱ्या तुमच्यासाठी. तुमच्यापैकी कितीजण आमच्यासारख्याच शाळांतून शिकून बेंगळुरूला, पुण्याला गेलात. काहीजण उद्यमबागेत कामाला आहात. शाळेला प्रोजेक्टर दिलात, उपकार झाले. पण आता त्याहून स्वस्त आणि जास्त गरजेची गोष्ट मागतो. तीन मिनिटांचा व्हिडिओ द्या.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना बघितलंय ना रोज? आमच्या मुलांनी बघितलेलं नाही. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना चुन्याची निवळी घालतात आणि मळी वर येते, ती का? खानापूरचा कुंभार कच्चं मडकं भट्टीत घालतो, त्यानंतर ते पाण्यात विरघळत नाही, असं काय होतं आत? हे सगळं आपल्या आजूबाजूला आहे आणि कुठल्याही कंपनीच्या स्मार्ट क्लासमध्ये नाही.

काढताना एवढंच बघा. मोबाईल आडवा धरा. एका व्हिडिओत एकच गोष्ट. मागं गाणं घालू नका. रिचर्ड मेयर ह्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवलंय की नको ते संगीत आणि आवाज घातले की शिकणं कमीच होतं. आपल्या बोलीत बोला, लाजू नका. मराठी शब्द सांगा, लगेच इंग्रजी शब्द सांगा, येत असेल तर कन्नडही. आणि शेवटी उत्तर देऊ नका. प्रश्न ठेवून थांबा. उत्तर आमच्या वर्गात निघू दे.

मराठी शाळा टिकली पाहिजे असं आपण सगळे म्हणतो, मोर्चात म्हणतो, १ नोव्हेंबरला म्हणतो. पण शाळा टिकते ती आतल्या मुलाला वाटलं तर की इथं शिकून मी कुठं कमी पडणार नाही. विज्ञानाच्या तासाला 'हा बाबा खोटं सांगूलालाय' म्हणून उठणारं पोर पीयूसीच्या वर्गात मान खाली घालून बसेल, असं मला वाटत नाही.

येत्या सोमवारी आमच्या आठवीला घर्षण आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतानाचा व्हिडिओ कुणाकडं असेल तर पाठवा. आवाज नसला तरी चालेल.